मॅड्रिगल : चार गळे, एक कविता आणि बिनदिक्कत उसनवारी

खर्जातली

कोरसच्या धाग्यावर मागे काही जणांनी ‘मॅड्रिगलवर स्वतंत्र लिहा’ असा आग्रह धरला होता. लिहायला घेतलं तर इतिहास बाजूलाच राहिला आणि एकाच गोष्टीशी अडकले: ही मंडळी एकमेकांची गाणी काय बिनदिक्कत उचलायची! तेव्हा धागा त्या उसनवारीवरच.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. १५२०-३० च्या सुमारास फ्लॉरेन्स आणि रोममध्ये हा प्रकार रुजला. एक इटालियन कविता, बहुतेक वेळा प्रेमाची. चार ते सहा गळे, प्रत्येकाची ओळ वेगळी. वाद्याची साथ असली तर असली. १५३० मध्ये रोमला छापलेल्या एका संग्रहावर ‘मॅड्रिगल’ हे नाव पहिल्यांदा आलं. त्याआधी १५२५ मध्ये पिएत्रो बेंबो या विद्वानाने ‘कवितेची भाषा असावी तर पेत्रार्कासारखी’ असं ठासून लिहिलं होतं. पेत्रार्काला जाऊन तोवर दीडशे वर्षं झाली होती, पण मग जो तो त्याच्या सुनीतांना चाली लावत सुटला. त्यातही सुरुवातीचे मोठे चालकार इटलीचे नव्हतेच. व्हर्दलो फ्रेंच, विलार्ट आणि आर्काडेल्ट आल्प्सपलीकडचे, उत्तरेतून पोटापाण्यासाठी आलेले.

ही गाणी छापायची पद्धत बघण्यासारखी आहे. आज आपल्याला सगळे आवाज एकाखाली एक छापलेले दिसतात. तेव्हा प्रत्येक आवाजाची आडवी, लहानशी वेगळी पुस्तिका असे: कान्तुस, आल्तुस, तेनोर, बास्सुस (वरच्या आवाजापासून खालच्यापर्यंत). मात्रांच्या उभ्या रेघा नाहीत. शेजारचा काय गातोय ते तुमच्या पानावर कुठेच नाही. चौघं टेबलाभोवती बसणार, आपापली पुस्तिका उघडणार, आणि गाणं पुरं असं फक्त हवेत तयार होणार. व्हेनिसच्या गार्दानोने १५३९ मध्ये छापलेला आर्काडेल्टचा पहिला संग्रह याच पद्धतीने घरोघर गेला, आणि शंभर वर्षांहून जास्त काळ पुन्हापुन्हा छापला गेला.

आता उसनवारीचा सगळ्यात मोठा धनी. चिप्रियानो द रोरेचं ‘आंकॉर के कोल पार्तीरे’ १५४७ मध्ये छापून आलं. कविता एवढीशी: तुझा निरोप घेताना जीव जातो, तरी दिवसातून हजारदा निरोप घ्यावासा वाटतो, कारण परत येणं फार गोड असतं. गाणं उण्यापुऱ्या दोन-तीन मिनिटांचं. पुढची पन्नास वर्षं त्याला कुणी स्वस्थ बसू दिलं नाही. ल्यूटवाल्यांनी ते ल्यूटवर (एक तंतुवाद्य) बसवलं. दाल्ला कासाने १५८४ मध्ये, बास्सानोने १५९१ मध्ये, रोन्योनीने १५९२ मध्ये आपापल्या पुस्तकांत त्याच्यावर तानांची आरास करून दाखवली. मुळात जिथे एक लांब स्वर, तिथे यांचे आठ-सोळा बारीक स्वर. फिलिप द मोंतेने त्यावर चर्चसाठी अख्खा मास (उपासनेचं संगीत) रचला, लासो या चालकाराने मॅग्निफिकाट, म्हणजे मरियेचं स्तोत्र. म्हणजे प्रियेचा निरोप थेट वेदीपाशी जाऊन पोचला. आणि ओराझिओ वेक्कीने १५९७ च्या ‘लाम्फीपार्नासो’ या गाण्यांच्या विनोदी नाटकात त्याचंच विडंबन एका पढतमूर्ख डॉक्टरच्या तोंडी घातलं: निरोपाच्या जागी बाळंतपण!

माझं म्हणणं असं की मॅड्रिगलचं सौंदर्य या उचलाउचलीतच आहे. गाणं एकदा रचून संपत नव्हतं. ज्याच्या हाती पडेल तो त्याचं काहीतरी करायचा, आणि करण्याजोगं काही शिल्लक असणं हीच चांगल्या गाण्याची खूण.

बोला.

आगगाडी

वाचतोय. बाळंतपणाचे शब्द द्या की. :)

मंद्र_मध्य

लेख आवडला, पण अडचण सांगतो. रोरेचं ते गाणं शोधून ऐकलं. ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला पहिल्यांदा निव्वळ गलबला वाटला. एक जण हा शब्द म्हणतोय, दुसरा मागचा, तिसरा पुढे पोचलाय. कविता जर इतकी लाडकी, तर ती समजायची कशी? आपल्याकडे बंदिशीचे शब्द गवई खाऊन टाकतो हे मान्य, पण निदान एकाच तोंडाने खातो.

मांडवीकाठ

मंद्र_मध्य, बाहेर बसून ऐकताना तसंच वाटतं. मी गोव्याची, चर्चच्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. मॅड्रिगलं आम्ही मैत्रिणी-मित्र हौसेने घरी गातो. आल्टोचं नशीब असं की ओळच्या ओळ तीन-चार स्वरांत फिरते. एकटीने म्हटली तर तिला कुणी चाल म्हणणार नाही. पण वरून सोप्रानो (सगळ्यात वरचा आवाज) उतरत आली आणि माझ्या लांब धरलेल्या स्वराला तिचा स्वर घासला, की तो माझा कंटाळवाणा स्वर एकदम दुखायला लागतो. ते सुख गाणाऱ्यालाच. श्रोत्याला बाहेरून दिसते ती इमारत, आम्ही तिच्या भिंतीत असतो.

खर्जाताई, ते वेगळ्या पुस्तिकांचं आम्ही करून बघितलंय. स्कोअरच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र छापलेल्या पानांच्या, झेरॉक्स काढल्या, प्रत्येकाची ओळ कात्रीने कापली आणि कोऱ्या कागदावर चिकटवली. आधी नुसता गोंधळ. टेनॉर एक ओळ पुढे निघून गेला आणि त्याला पत्ताच नाही. मग हळूहळू माणसं कागदातून मान वर काढायला लागली. स्कोअर हातात असताना आम्ही वाचतो. तो नसला की ऐकावंच लागतं. विश्रांतीच्या मात्रा मोजत असताना शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून ‘हां, आता हा “मोरिरे” (मरणं) म्हणेल, मग मी’ असं चालतं.

खर्जातली

मांडवीकाठ, हे मुख्य लेखात हवं होतं!

मंद्र_मध्य, तुमच्या तक्रारीला चारशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. व्हिंचेन्झो गॅलिली, म्हणजे दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे वडील, स्वतः ल्यूट वाजवत, मॅड्रिगलही रचत. १५८१ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून हेच विचारलं: पाच जण पाच वेळी पाच शब्द म्हणणार, मग भावना पोचणार कुणाला? त्यांच्या मते प्राचीन ग्रीकांसारखं एका गळ्याने गावं. त्या विचारातूनच पुढे ऑपेरा निघाला.

पण मांडवीकाठ म्हणते ते उत्तर खरं आहे. शब्द गाणाऱ्याच्या हातातच छापलेले असतात, त्याला ते ऐकू यायची गरज नाही. शिवाय चांगला चालकार मोक्याच्या शब्दावर सगळ्यांना एकत्र आणतो. आर्काडेल्टचं ‘इल ब्यांको ए दोल्चे चिन्यो’ घ्या. पांढरा हंस गात गात मरतो, आणि मी रडत रडत. सुरुवात अगदी सरळ, गळे जवळजवळ हातात हात घालून चाललेत. ‘रडत’ या शब्दाशी येताच चौकटीबाहेरचा एक स्वर येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर आतापर्यंत शुद्ध नि होता, तिथे कोमल नि, आणि त्याच्यावर सगळे आवाज मिळून उभे राहतात. एवढंच. एका स्वराने खोलीतला उजेड कमी होतो. शेवटी ‘दिवसातून हजार मरणं’ या शब्दांवर मात्र एकामागून एक गळे तेच म्हणत आत शिरतात, आणि इथे तुमचा गलबला हाच अर्थ असतो. मरणं हजार आहेत ना!

(त्या काळच्या कवितेत ‘मरणं’ म्हणजे नेमकं काय, हे सुज्ञांस सांगणे न लगे. हजारदा मरायची तयारी त्याशिवाय कोण दाखवेल.)

आगगाडी

आत्ता कळलं ‘मोरिरे’ला एवढी गर्दी का ते.

तिरफळ

शब्द सुरांतून ‘रंगवायची’ ही हौस इंग्रजांनी तर पार टोकाला नेली. १५८८ मध्ये लंडनला निकोलस याँगने इटालियन मॅड्रिगलं इंग्रजी शब्द घालून छापली आणि तिकडे लाटच आली. थॉमस वीलक्सचं १६०१ मधलं ‘अॅज व्हेस्टा वॉज’ ऐका. टेकडीवरून ‘उतरत’ म्हटलं की सूर घरंगळतात, ‘चढत’ला चढतात, ‘दोघी-दोघी’ला दोन गळे, ‘तिघी-तिघी’ला तीन, ‘सगळ्या मिळून’ला सगळे, आणि ‘एकटी’वर एकच गळा. मला पहिल्यांदा जाम गंमत वाटली, दुसऱ्यांदा जरा बालिश. त्याच देशातल्या गिबन्सचं १६१२ मधलं ‘द सिल्व्हर स्वान’ मला जास्त भावतं. आर्काडेल्टचाच हंस, पण इथे त्याला प्रेमाशी काही देणंघेणं नाही. मरताना गातो आणि जाता जाता म्हणतो, आता हंसांपेक्षा बदकं जास्त झालीत, शहाण्यांपेक्षा मूर्ख. खडूस म्हातारा हंस.

बोरकूट

इतका वेळ झाला, जेझुआल्दो कसा आला नाही? बायको आणि तिचा प्रियकर दोघांनाही ठार करणारा व्हेनोसाचा प्रिन्स, आणि मग वेडसर सूर लावणारा. त्याच्याशिवाय हा धागा अपुरा आहे.

खर्जातली

आलाच. मला वाटलंच होतं.

बोरकूट, खून खरा आहे. १५९० चा ऑक्टोबर, नेपल्स. मारिया दाव्हालोस आणि आंद्रियाचा ड्यूक फाब्रिझिओ काराफा. पण त्या खुनाने त्याच्या सुरांवर असं काही सावट टाकलंय की लोक आधी रक्त शोधतात, मग सूर ऐकतात. त्याचं ‘मोरो, लास्सो’ हे मॅड्रिगल १६११ चं, म्हणजे खुनानंतर एकवीस वर्षांनी छापलेलं. मधल्या काळात तो फेरारा या इटालियन शहरात लग्न करून आला होता, तिथल्या संगीतात बुडाला होता, लुझ्झास्कीसारख्या चालकाराचं काम जवळून बघत होता. तसे सूर लावणारा तो एकटाही नव्हता. व्हिचेंतिनो या चालकाराने १५५५ मध्येच सप्तकाचे एकतीस भाग वाजवू शकणाऱ्या वाद्याचं वर्णन छापलं होतं! श्रुतींवर वाद घालणाऱ्यांनी तिकडे एकदा जावं.

‘मोरो, लास्सो’चे पहिले चार स्वरसमूह मात्र आजही कानाला चक्रावतात. एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही असं वाटतं, पण प्रत्येक गळा स्वतः मात्र अर्ध्या-एक स्वराने सरकलेला असतो. मांडवीकाठची ‘कंटाळवाणी’ ओळच, पण सगळ्यांची एकदम.

आणि उसनवारी इथेही आहे. रशियन रचनाकार स्त्राव्हिन्स्कीने १९६० मध्ये त्याची तीन मॅड्रिगलं वाद्यवृंदासाठी नव्याने मांडली, जन्माच्या चारशेव्या वर्षाचं निमित्त करून. शब्द गेले, गळे गेले. राहिलं ते हाडांपर्यंत खरवडलेलं गाणं. मला ते मूळ गाण्याइतकंच आवडतं, याबद्दल शिव्या खायची तयारी आहे.

पिंपळपान

आता खरा प्रश्न मी विचारतो. मोन्तेवेर्दी या चालकाराचं ‘क्रूदा आमारिल्ली’ हे मॅड्रिगल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोलोन्याचे एक पाद्री, आर्तूझी. १६०० मध्ये त्यांनी ‘आधुनिक संगीतातले दोष’ दाखवणारं पुस्तक छापलं. त्यात या मॅड्रिगलचे तुकडे काढून दाखवले: बघा, खाली एक स्वर धरलाय आणि सोप्रानो त्याच्याशी न जुळणाऱ्या स्वरावर थेट येऊन बसते, काही पूर्वतयारी नाही, वर तिथून उडी मारून दुसऱ्या बेसुरावर जाते. रचनाकाराचं नाव दिलं नाही, आणि उदाहरणांत कवितेचे शब्दही छापले नाहीत. ती सोप्रानो जिथे येते तिथले शब्द काय? ‘हाय रे’! शब्द काढल्यावर चूक दिसणारच.

मोन्तेवेर्दीने १६०५ च्या पाचव्या संग्रहात तेच मॅड्रिगल मुद्दाम पहिलं छापलं. १६०७ मध्ये त्याच्या भावाने स्पष्टीकरण लिहिलं: इथे शब्द मालकीण आहेत, स्वरमेळ त्यांची दासी. इथवर ठीक.

पण त्याच १६०७ मध्ये मिलानचे आक्विलिनो कोप्पीनी याच मॅड्रिगलांचे इटालियन शब्द काढून लॅटिन भक्तिपर शब्द घालतात, कार्डिनल बोर्रोमेओला अर्पण करतात, आणि ते इतकं चालतं की आणखी दोन पुस्तकं निघतात. मालकीणच बदलली, दासी तीच, आणि घर सुरळीत चालू! मग शब्दांच्या मालकीचं ते सगळं म्हणणं भावाभावांची वकिली समजायची का?

मंद्र_मध्य

जबरी प्रश्न. मला यात परकं काही वाटत नाही. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं ज्यांनी हाताळलीत त्यांना आठवेल, पदाच्या डोक्यावर ‘चाल –’ असं लिहून दुसऱ्याच गाण्याचा मुखडा छापलेला असायचा. तो कधी कीर्तनातला, कधी लावणीचा, कधी कानडी मुलखातला. प्रेक्षकाला मूळ चाल ठाऊक असायची आणि नवे शब्दही पटायचे. माझ्या मते चाल कुठल्याही एका कवितेची नसते, ती एका भावाची असते. शब्द त्या भावात बसले की झालं.

खर्जातली

मंद्र_मध्य, निम्मं पटलं. ‘चाल’ लिहिलेल्या पदात निदान चाल सुटी असते, तिच्यात कुठलेही शब्द ओतता येतात. मॅड्रिगलात प्रत्येक शब्दासाठी सूर वळवलेला असतो, म्हणून कोप्पीनीचं काम कितीतरी अवघड. त्याने केलं काय बघा. मूळ सुरुवात ‘क्रूदा आमारिल्ली’: क्रूर आमारिल्ली, जिच्या नावातच कडवटपणा आहे. त्याने घातलं ‘फेल्ले आमारो’: लोकांनी मला कडू पित्त पाजलं, हे क्रुसावरच्या येशूचे शब्द. आमारिल्ली गेली, पण ‘आमार’ हा उच्चार त्याच स्वरांवर राहिला आणि कडवटपणाही. प्रियकराची तक्रार क्रुसावर गेली.

तेव्हा पिंपळपान, वकिली नाही. मोन्तेवेर्दीचं म्हणणं कोप्पीनीला इतकं पटलं होतं की नवे शब्द त्याने सुरांवरून उलटे शोधले. आधी कवितेने सूर घडवले, मग त्या सुरांनी दुसरी कविता निवडली. आर्तूझींना तो स्वर चूक वाटला, कोप्पीनीला त्यात कडू पित्त दिसलं.

मोन्तेवेर्दी स्वतःही मागे नव्हता. ‘आरिआन्ना’ हा त्याचा ऑपेरा १६०८ मध्ये मान्तुआच्या राजघराण्यातल्या लग्नासाठी झाला. त्यातला फक्त तिचा विलाप आज उरलाय, बाकी संगीत हरवलं. प्रियकराने बेटावर टाकून दिलेली बाई, ‘मला मरू द्या’ म्हणणारी, एकटा गळा. १६१४ मध्ये त्याने त्याचंच पाच गळ्यांचं मॅड्रिगल केलं, म्हणजे ज्या गलबल्याला गॅलिली वैतागले होते त्यात एका बाईचं रडणं परत नेलं! आणि १६४१ च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर, तोच विलाप लॅटिन शब्दांत मरियेच्या तोंडी, क्रुसाखाली उभी राहून मुलासाठी. टाकलेली प्रेयसी ते मुलगा गमावलेली आई. ओळीने तिन्ही ऐका. मला पाच गळ्यांचं सगळ्यात भिडतं: एका बाईचं दुःख पाच जणांनी वाटून घेतलं तरी कमी होत नाही.

तिरफळ

बायकांचा विषय निघालाच आहे तर फेरारा सोडू नका. ड्यूक आल्फोन्सो दुसरा याच्या दरबारात १५८० पासून तिघी गायच्या, लाउरा पेव्हेरारा, आन्ना ग्वारिनी, लिव्हिया दार्को. साथही स्वतःच करायच्या, हार्प, ल्यूट, व्हायोल घेऊन. मोजक्याच लोकांना ऐकायला मिळायचं. त्यांच्यासाठी लुझ्झास्कीने रचलेली मॅड्रिगलं ड्यूक गेल्यावर, १६०१ मध्ये छापली गेली, आणि त्यात ताना एकेक स्वर लिहून दिल्यात. त्या बायकांच्या गळ्यातलं काम कागदावर उरलं ते एवढंच, आणि वर नाव लुझ्झास्कीचं. उसनवारीच्या कौतुकात हेही धरा. आन्नाला १५९८ मध्ये नवऱ्याने मारलं. बोरकूट, तिच्या नवऱ्याला मात्र सूर लावता येत नव्हते, म्हणून त्याच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

बोरकूट

तिरफळ, लागलं. पण रास्त आहे.

मंद्र_मध्य

तिन्ही विलाप ऐकले. त्याच्या पुढे यूट्यूबने आपणहून ‘लामेंतो देल्ला निंफा’ लावलं आणि मी खुर्चीला खिळलो. खाली चारच स्वर, उतरते, सतत तेच ते. वर ती बाई. हे तर मला थेट कळलं! ठेका धरलेला आणि वर गाणारी लयीशी खेळतेय. हे मॅड्रिगल कसं काय?

मांडवीकाठ

१६३८ चा आठवा संग्रह, नावातच मॅड्रिगल आहे. तोवर शब्दाची व्याख्या पार ताणली गेली होती. त्या गाण्यात मोन्तेवेर्दीने सूचनाच छापलीय: विलापाआधीचा आणि नंतरचा भाग तिघा पुरुषांनी हाताच्या ठेक्यावर गावा, आणि विलाप तिने मनाच्या भावनेच्या लयीत. करायला महाकठीण हो. आमच्यातली जी गाते ती मुद्दाम मागे रेंगाळते, आणि आमचे तिघे बुवा तिला ‘सांभाळून घ्यायला’ आपली लय सोडतात. त्यांनी सोडली की सगळं पाणी. माझ्या मते त्यांनी हुं की चूं न करता पुढे चालत राहायचं आणि अधूनमधून ‘बिचारी’ म्हणायचं, हेच तर त्या गाण्यातलं क्रौर्य आहे.

आगगाडी

भांडणाचं पुढे काय झालं? आर्तूझी गप्प बसले का? आमचं लक्ष तिकडेच.

पिंपळपान

आर्तूझी १६१३ मध्ये गेले. मोन्तेवेर्दीने १६३३ मध्ये एका पत्रात लिहिलंय की तो टीकाकार पुढे नुसता थांबला नाही, कौतुकही करू लागला. अर्थात वीस वर्षांमागे गेलेल्या माणसाच्या वतीने हे सांगणारा प्रतिपक्षच, तेव्हा किती मानायचं ते ज्याने त्याने ठरवावं. आणि १६०५ मध्ये ‘आर्तूझींना उत्तर म्हणून नव्या पद्धतीवर सविस्तर पुस्तक लिहितोय’ असं त्याने जाहीर केलं होतं. १६३३ च्या त्याच पत्रव्यवहारात ते ‘अजून लिहितोय’. छापून कधीच आलं नाही.

आगगाडी

अठ्ठावीस वर्षं ‘क्रमशः’! म्हणजे आपल्याच संस्थळाचा सभासद.